हायड्रेंजियाची ऑक्टोबर छाटणी करू नका

पुण्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. दोन वर्षांपूर्वी महाबळेश्वरहून परतताना त्यांनी हायड्रेंजियाची कुंडी आणली. तेव्हा झाडावर ताटलीएवढे तीन निळे गुच्छ होते. पुढच्या उन्हाळ्यात एकच गुच्छ आला, तोही गुलाबी. यंदा फूलच नाही. पानं पिवळी पडताहेत, शिरा मात्र हिरव्या आहेत. दुपारी झाड मान टाकतं म्हणून त्या दिवसातून दोनदा बोअरचं पाणी घालतात. आता गुलाबांची ऑक्टोबर छाटणी आली आहे. गेल्या वर्षीसारखी याचीही छाटणी करून घ्यावी का, आणि पूर्वीसारखी मोठी निळी फुलं पुन्हा कशी येतील, असं त्यांनी विचारलं आहे.

ताई, आधी कात्री खाली ठेवा. बाकीचं सगळं सावकाश करता येईल, पण ही छाटणी झाली तर पुढचाही उन्हाळा रिकामा जाईल. यंदाची फुलं गेली ती गेल्या ऑक्टोबरातल्या छाटणीनेच.

गुलाब नव्या फुटव्यावर फुलतो. ऑक्टोबरात छाटला की दीड-दोन महिन्यांत, ऐन थंडीत, भरून येतो. म्हणून आपल्याकडे ती रीत पडली आणि गुलाबापुरती ती अगदी बरोबर आहे. हायड्रेंजियाचं तसं नाही. आपल्याकडे मिळतो तो रुंद पानांचा, मोठ्या गोल गुच्छांचा प्रकार फुलं धरतो ती पावसाळ्यात वाढून पक्व झालेल्या फांदीच्या टोकाला. पावसाळा संपतो, रात्री गार होऊ लागतात. तापमान 18 अंशांच्या खाली उतरलं आणि असा गारवा सहा-आठ आठवडे मिळाला की टोकाच्या डोळ्यात (फांदीवरच्या मिटलेल्या कोंबात) आतल्या आत फुलाचा गुच्छ घडतो. बाहेरून काहीच दिसत नाही. थंडी सरून ऊब आली की तो डोळा फुटतो, आधी दोन-चार पानांच्या जोड्या येतात आणि त्यांच्या मध्ये हिरवा, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा दिसणारा कळ्यांचा झुबका वर येतो. ऑक्टोबरात शेंडे उडवले की ही जागाच जाते. त्यानंतर फुटणारा कोंब नोव्हेंबरात कोवळाच असतो. फूल धरण्याइतका पिकेपर्यंत थंडी निघून जाते, आणि मग झाड वर्षभर नुसती पानं देत राहतं.

छाटायचं ते फुलं उतरल्यावर लगेच. आमच्याकडे पाचगणीत एप्रिल-मे हा भर. जूनमध्ये पहिल्या पावसांनी गुच्छ भिजून जड झाले की मी कामाला लागते आणि जुलैच्या मध्यापर्यंत सगळी झाडं हातावेगळी करते. पुण्यातही हेच वेळापत्रक ठेवा. फार तर आषाढ संपेपर्यंत. त्यानंतर वाळलेलं पान किंवा मेलेली काडी काढायची, एवढंच.

कसं छाटायचं यावर मोठ्या फुलांचं सगळं अवलंबून आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगते. गुच्छ संपलेल्या फांदीवर वरून खाली बघत या. पानांच्या देठाशी समोरासमोर डोळ्यांची जोडी असते. जी पहिली जोडी फुगीर, ठसठशीत दिसेल तिच्या बोटभर वर कापा. झाड तीन-चार वर्षांचं झालं असेल तर सगळ्यात जुन्या, सालपट निघणाऱ्या करड्या फांद्यांपैकी एक तृतीयांश अगदी जमिनीलगत काढून टाका, म्हणजे मुळाकडून नवे सरळ धुमारे येतात. मग मागे उभं राहून झाडाकडे बघा आणि पेन्सिलीपेक्षा बारीक असलेली प्रत्येक काडी काढा. इथेच लोकांचा हात थांबतो. पण गुच्छाचा आकार फांदीच्या जाडीवर ठरतो, खतावर नंतर. बारीक काडीवर कितीही खत घातलं तरी मुठीएवढंच फूल येईल, आणि तेही पहिल्या वळवात लोळेल. बारा इंचांच्या कुंडीत चार, फार तर पाच फांद्या ठेवा. जमिनीतल्या मोठ्या झाडावर मी दहा-बारा ठेवते. अशा फांदीवर वीत-सव्वा वीत रुंदीचा गुच्छ सहज येतो. सगळ्या काड्या राखून पंचवीस छोटे गुच्छ घेणाऱ्यांवर माझा राग नाही, झुडूप भरलेलं दिसतं. पण तुम्ही मोठी फुलं विचारली आहेत, तर संख्या कमी करावीच लागेल.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते. विकायला येणारी हायड्रेंजिया हरितगृहात मोजून-मापून फुलवलेली असतात. त्यांना ठरावीक काळ गारवा दिलेला असतो, आणि बऱ्याच ठिकाणी झाड बुटकं, गोंडस राहावं म्हणून वाढ रोखणारं औषधही फवारतात. घरी आल्यावर त्याचा अंमल उतरतो आणि फांद्या लांब होतात. तेव्हा पहिल्या वर्षी झाड उंच, मोकळं झालं म्हणजे तुमचं काही चुकलं असं नाही. त्याची खरी ठेवण तीच आहे. मोकळ्या जागेत हे झुडूप पुरुषभर उंच आणि तितकंच रुंद होतं.

आता रंगाकडे येऊ. तुमचं झाड निळ्याचं गुलाबी झालं यात झाडाचा दोष नाही, मातीचा आणि पाण्याचा आहे. महाबळेश्वरचं पठार जांभ्याचं. प्रचंड पावसाने तिथल्या मातीतला चुना वाहून गेला आहे, लोह आणि अॅल्युमिनियम मागे राहिलं आहे. माती आम्ल आहे. पुण्याकडची काळी माती चुनखडीची, तिचा सामू (पीएच; जितका कमी तितकी माती आम्ल) बहुतेक साडेसातच्या वर. हायड्रेंजियाच्या पाकळ्यांत (त्या खरं तर पाकळ्या नाहीत, मोठी झालेली निदलं आहेत, म्हणून महिना-महिना टिकतात) मूळ रंगद्रव्य एकच असतं. त्याला अॅल्युमिनियम मिळालं तर ते निळं दिसतं, नाही मिळालं तर गुलाबी. अॅल्युमिनियम जवळजवळ सगळ्याच मातीत असतं, पण मुळांना ते उचलता येतं फक्त आम्ल मातीत. सामू साडेपाचच्या खाली असेल तर निळं, साडेसहाच्या वर गेला की गुलाबी, आणि मधल्या टप्प्यात जांभळट किंवा एकाच झाडावर दोन्ही रंग. पांढऱ्या जातीत हे रंगद्रव्यच नसतं, त्यामुळे तिला काहीही घाला, ती पांढरीच राहते. फार तर पिकताना उन्हाने गुलाबी छटा येते.

हे मला पुस्तकाआधी एका भिंतीने शिकवलं. बागेत सुरुवातीला लावलेल्या झाडांपैकी एक जुन्या दगडी कंपाउंडला लागून होतं. तिसऱ्या वर्षी त्याची बागेकडची बाजू निळीशार फुलली आणि भिंतीकडची बाजू गुलाबी. दोन कलमं एकत्र लागली असतील असं वाटून मी झाड उकरलं. खोड एकच होतं, पण भिंतीकडच्या मुळांत चुन्याच्या गिलाव्याचे तुकडे अडकले होते. कधीतरी डागडुजी झाली असणार आणि राडारोडा तिथेच पुरलेला. तेव्हापासून मी कोणाकडेही झाड बघायला गेले की आधी कुंडी कशाची आहे ते विचारते. सिमेंटची कुंडी असेल तर तिच्यातून चुना झिरपत राहतो आणि तुम्ही केलेली आम्ल माती वर्षभरात परत पालटते. मातीची किंवा प्लास्टिकची कुंडी घ्या. मातीची उन्हाळ्यात गार राहते, पण लवकर सुकते. पुण्याच्या उन्हासाठी मी जाड प्लास्टिकची कुंडी मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवायला सांगते.

तुमच्या पानांचं पिवळेपण याच धाग्यातलं आहे. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, तोही कोवळ्या पानांत आधी, म्हणजे लोहाची कमतरता. लोह मातीत असतं, पण चुनखडीच्या, जास्त सामूच्या मातीत झाडाला ते घेता येत नाही. बोअरच्या पाण्याने रोज थोडा थोडा चुना पडतो आहे. कुंडीच्या काठावर आणि मातीवर पांढरा थर आला आहे का बघा, बहुधा असेलच. धरणाचं, नळाला येणारं पाणी त्या मानाने मऊ असतं. तेच वापरा, आदल्या रात्री बादलीत भरून ठेवलेलं. त्याहून उत्तम पावसाचं. गच्चीच्या पन्हाळीखाली पिंप ठेवून दोनशे लिटर साठवलंत तर दोन कुंड्यांचं बरंच भागतं. झाकण घट्ट हवं, नाहीतर डास होतील.

पानं लवकर हिरवी व्हायला चिलेटेड लोह घ्या, कृषी सेवा केंद्रात मिळतं. लिटरला अर्धा ग्रॅम, संध्याकाळी पानांवर फवारा, दहा-बारा दिवसांनी पुन्हा. मातीतून द्यायचं असेल तर ईडीडीएचए प्रकारचं मागा, ते चुनखडीच्या मातीतही टिकतं. साधी हिराकस (फेरस सल्फेट) स्वस्त आहे, पण काळ्या मातीत टाकली की थोड्याच दिवसांत निकामी होते, आणि फवारताना जास्त झाली तर पानं जळतात. हा तात्पुरता इलाज आहे. कायमचा इलाज म्हणजे माती बदलणं.

पण माती आता बदलायची नाही. कळी धरायच्या तोंडावर मुळं हलवू नका. ते काम पुढच्या जूनचं, छाटणीबरोबर. मिश्रण मी असं करते: चाळीस टक्के तांबडी माती, तीस टक्के चांगलं कुजलेलं पालापाचोळ्याचं खत, वीस टक्के धुतलेला कोकोपीट आणि उरलेल्यात गांडूळखत व जाड वाळू. कोकोपीट दोन-तीन पाण्यांतून काढा, त्यात क्षार असतात. पालापाचोळा सोसायटीतल्या झाडांचा गोळा करून पोत्यात ओला करून ठेवला तर वर्षभरात होतो. महाबळेश्वर-पाचगणीच्या रानातून पोती भरून आणणारे पर्यटक मी पाहिले आहेत. ते करू नका. 2001 पासून हा भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर आहे, आणि तो पाचोळा जांभळा-अंजनाच्या त्या रानाचंच अन्न आहे. त्यावर आपला हक्क नाही.

मिश्रणात चुना, राख, अंड्याची टरफलं, हाडांचा चुरा यातलं काही घालू नका. गुलाबासाठी हाडांचा चुरा चांगला, म्हणून लोक सवयीने सगळीकडे घालतात. इथे तो दोन बाजूंनी नडतो: कॅल्शियमने सामू वाढतो आणि स्फुरद (फॉस्फरस) अॅल्युमिनियमला बांधून टाकतं. याच कारणाने निळ्या झाडाला डीएपी हे स्फुरदाचं खत नको, आणि नेहमीचं 19:19:19 हे मिश्रखत सुद्धा सारखं सारखं नको. गंजलेले खिळे, चहाचा चोथा, कॉफीचा गाळ यांबद्दल मला दर आठवड्याला कोणीतरी विचारतं. खिळ्यातून लोह मिळतं, आणि निळा रंग लोहाने येत नाही. चहा-कॉफीचा चोथा कुजून खत होतो, ठीक आहे, पण एवढ्याने काळ्या मातीचा सामू उतरत नाही.

ज्याने उतरतो आणि अॅल्युमिनियमही मिळतं ती वस्तू तुमच्या घरात आहे: तुरटी. तुरटी म्हणजे पोटॅशियम आणि अॅल्युमिनियमचं सल्फेट. परदेशात हायड्रेंजिया निळा करायला अॅल्युमिनियम सल्फेटची पाकिटं विकतात, तुरटी त्याचीच बहीण. एक लिटर पाण्यात लहान चमचाभर, म्हणजे चार-पाच ग्रॅम कुटलेली तुरटी विरघळवा. आधी साध्या पाण्याने माती ओली करा, मग बारा इंची कुंडीला हे एक लिटर द्या. कोरड्या मातीत दिलंत तर मुळं भाजतात. दर पंधरा दिवसांनी, फेब्रुवारीपासून कळ्यांना रंग चढेपर्यंत. गुच्छ उमलल्यावर तुरटी देऊन उपयोग नाही, त्या फुलाचा रंग ठरून गेलेला असतो. जमिनीतल्या झाडाला तुरटीपेक्षा शेतीचा गंधक बरा, पण तो मातीतल्या जिवाणूंकडून हळूहळू आम्ल होतो, दोन-तीन महिने लागतात. म्हणून तो पावसाळा संपताना घालायचा. आणि सामू मोजल्याशिवाय यातलं काही सुरू करू नका. पट्टीचा साधा संच पुरतो, नाहीतर माती तपासणी प्रयोगशाळेत अर्धा किलो माती द्या. माझं खरं मत विचाराल तर ज्यांच्याकडे फक्त बोअरचं पाणी आहे त्यांनी निळ्याचा हट्टच सोडावा. लोह सांभाळून घेतलं तर पुण्याच्या मातीतला गुलाबी हायड्रेंजिया निरोगी आणि देखणा होतो. ओढूनताणून निळा केलेला अर्धवट जांभळट दिसतो.

दुपारी मान टाकण्याचं आता. या झाडाच्या नावातच ग्रीकमधलं पाणी आहे, आणि तहानलेलं झाड अशी त्याची ख्याती आहे. ती निम्मी खरी आहे. पानं मोठी, पातळ. दुपारी एक ते तीनच्या उन्हात पानांतून जितकं पाणी उडतं तितकं मुळं वर पोचवू शकत नाहीत, माती ओली असली तरी. म्हणून झाड पानं लोंबवतं. संध्याकाळी सहाला जाऊन बघा. आपोआप ताठ झालं असेल तर त्याला पाणी नको होतं, सावली हवी होती. त्या वेळी घाबरून पाणी ओतलं की मुळांभोवतीची हवा जाते, मुळं कुजतात, आणि कुजक्या मुळांचं झाड पाण्यात उभं राहूनही सुकतं. मग आपण आणखी पाणी घालतो. माझ्याकडे लोक दाखवायला आणतात त्या मेलेल्या हायड्रेंजियांपैकी बहुतेक अशीच गेलेली असतात, कुंडी उपडी केली की वास येतो. मातीत बोट दुसऱ्या पेरापर्यंत घाला. तिथे ओल लागली तर थांबा. कोरडं लागलं तर सकाळी, कुंडीच्या तळातून बाहेर येईपर्यंत भरपूर द्या. थेंब थेंब दोनदा देण्यापेक्षा एकदाच पोटभर.

जागा पूर्वेची. सकाळी दहा-साडेदहापर्यंतचं ऊन अंगावर, मग सावली. तुमच्या गच्चीवर पश्चिमेचं ऊन असेल तर मार्च ते मे पन्नास टक्क्यांची हिरवी जाळी लावाच. मात्र दाट सावलीत कोपऱ्यात ठेवू नका. तिथे पानं काळीभोर छान होतात, पण फूल धरत नाही. मातीवर दोन-तीन इंच पाचोळ्याचं किंवा नारळाच्या सोडणाचं आच्छादन उन्हाळाभर असू द्या. मुळं उथळ असतात, त्यांना गारवा लागतो.

हे झाड मूळचं जपानच्या समुद्रकिनाऱ्याकडच्या भागातलं, जिथे हिवाळा सौम्य आणि हवा दमट. तिकडे त्याला आजिसाई म्हणतात. जून-जुलैच्या पावसाळी दिवसांत ते फुलतं, आणि कामाकुराच्या मेइगेत्सुइन मंदिरातली निळी फुलं बघायला त्या दिवसांत गर्दी लोटते. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ थुनबर्ग याने 1784 मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन छापलं, आणि 1789 मध्ये ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स यांच्यामार्फत चीनमधून एक झाड लंडनच्या क्यू उद्यानात पोचलं. पावसात फुलणारं झाड म्हटल्यावर आपल्याला वाटतं, महाबळेश्वरचा पाऊस त्याला मानवत असणार. पण तोक्योत जूनच्या अख्ख्या महिन्यात दीडशे-पावणेदोनशे मिलिमीटर पाऊस पडतो, आणि महाबळेश्वरात तेवढा एखाद्या दिवसात पडून जातो. तिथल्या बागा जुलैत बघा, गुच्छ चिखलाला टेकलेले, करड्या बुरशीने मऊ झालेले. म्हणून आमच्या भागात स्ट्रॉबेरीसारखं हायड्रेंजियालाही गादीवाफ्यावर, उतारावर लावावं लागतं, आणि उमलायच्या आधीच प्रत्येक जाड फांदीला बांबूची काठी द्यावी लागते. पाचगणीत पाऊस बराच कमी, म्हणून उशिरा आलेला गुच्छ पुष्कळदा श्रावणापर्यंत टिकतो. तो हळूहळू हिरवा होतो, कडांना वाईनसारखा लाल रंग चढतो. मला स्वतःला हे पिकलेले गुच्छ ताज्यांपेक्षा अधिक आवडतात. चार गुच्छ राखून ठेवते आणि गौरींच्या आराशीत लावते. प्रसादाच्या ताटावर मात्र ही फुलं-पानं ठेवू नका. झाडात सायनाइड सोडणारी द्रव्यं असतात. लहान मुलं, शेळ्या, कुत्री यांच्या तोंडात जाणार नाही एवढं बघा.

फुलदाणीसाठी कापाल तेव्हा सकाळी कापा, खालची पानं काढा आणि देठाचं ताजं टोक तुरटीच्या पुडीत बुडवून मगच पाण्यात ठेवा. देठातून येणाऱ्या चिकामुळे पाण्याची वाट बंद होते, ती तुरटीने मोकळी राहते. तरीही मान टाकली तर अख्खा गुच्छ अर्धा-पाऊण तास गार पाण्यात बुडवून ठेवा. ही फुलं निदलांतूनही पाणी पितात आणि बहुतेक वेळा पुन्हा उभी राहतात.

खताचं थोडक्यात. छाटणीनंतर जून ते सप्टेंबर महिन्यातून एकदा ओंजळभर गांडूळखत आणि चमचाभर अमोनियम सल्फेट ओल्या मातीवर पसरून. हे खत मातीला किंचित आम्ल करतं, म्हणून युरियापेक्षा बरं. ऑक्टोबरपासून नत्र (नायट्रोजन) बंद. आता नत्र दिलं तर कोवळी फूट येत राहील आणि फांदी पिकणार नाही. फेब्रुवारीत डोळे फुगले की 13:00:45 हे विद्राव्य खत (पोटॅशियम नायट्रेट) लिटरला दोन ग्रॅम, पंधरा दिवसांनी एकदा. फुलं उमलली की सगळं बंद.

किडींत पुण्यात मुख्य त्रास लाल कोळ्याचा, मार्च ते मे. पानाच्या मागे बारीक जाळं आणि वर पांढुरके ठिपके दिसले की पानांच्या मागच्या बाजूने जोरात पाणी मारा, दिवसाआड. आठवडाभर केलं तर निम्म्याहून अधिक जातात, उरलेल्यांना कडुनिंबाचं तेल. थंडीत भुरी येते, ती झाडं दाटीवाटीने ठेवल्यामुळे. पावसाळ्यात पानांवर जांभळट कडांचे ठिपके पडतात. ती पानं तोडून जाळा, झाडाखाली कुजू देऊ नका. गोगलगायी रात्री विजेरी घेऊन वेचते, दुसरा उपाय माझ्याकडे नाही.

रोपं करायची असतील तर जून-जुलैत छाटलेल्या फांद्या टाकू नका. फूल न आलेल्या फांदीचा दोन डोळ्यांचा तुकडा घ्या, वरची दोन पानं कात्रीने निम्मी करा, ओल्या वाळू-कोकोपीटमध्ये सावलीत खोचा. पावसाळी हवेत तीन-चार आठवड्यांत मुळं धरतात. हातखंडा नसेल तर दाब कलम करा: खालची फांदी वाकवून मधल्या पेराशी थोडी साल खरवडायची, तिथे माती घालून वर दगड ठेवायचा. दिवाळीपर्यंत मुळं येतात. तुमच्या झाडाचं असं एक कलम जूनमध्ये नव्या मातीत करून ठेवा. जुन्याची मुळं फार बिघडलेली निघाली तर हाताशी एक असेल.

मुंबई, ठाणे, कोकण, गोवा इथूनही हाच प्रश्न येतो, म्हणून त्यांनाही सांगते. तिथे हिवाळ्यात पुरेशा गार रात्री सलग मिळत नाहीत. झाड जगेल, पानं छान येतील, पण वर्षामागून वर्षं फुलेल अशी आशा मी कोणाला दाखवत नाही. फुललेली कुंडी घ्या, महिना-दीड महिना बघा, आणि मग थंड गावी कोणी असेल तर त्यांना द्या. अंगणात जागा असेल तर डोंबेया लावा. त्याचे लोंबते गुलाबी गोंडे हायड्रेंजियासारखेच दिसतात, थंडीत भरपूर येतात आणि त्याला हे लाड लागत नाहीत. झाड मात्र दहा-बारा फुटांचं सहज होतं.

माझी भाची न्यू जर्सीत असते. तिची अडचण अगदी उलटी. तिथे थंडी हवी त्याहून जास्त, तयार कळ्या वसंतातल्या उशिराच्या हिमात जळून जातात. तिला मी शंकूसारख्या गुच्छांचा पॅनिक्युलाटा जातीचा हायड्रेंजिया लावायला सांगितला. तो नव्या फुटीवर फुलतो, म्हणून हिवाळा संपताना बिनधास्त छाटता येतो. इथल्या आणि तिथल्या छाटणीचे सल्ले एकमेकांत मिसळले की घोळ होतो. व्हिडिओ बघून कात्री चालवण्याआधी तो कोणत्या जातीचा आणि कोणत्या देशातला आहे ते आधी बघा.

तर ताई, या महिन्यात तुमचं काम एवढंच: बोअरचं पाणी बंद, लोहाच्या दोन फवारण्या, आणि ज्या फांद्या आहेत त्या जशाच्या तशा सांभाळणं. डिसेंबरात जुनी पानं पिवळी होऊन गळतील, झाड केविलवाणं दिसेल. तेव्हा पाणी कमी करा आणि त्याला बाल्कनीच्या बाहेरच्या कडेला, रात्रीचा गारवा लागेल असं ठेवा, घरात आणू नका. जानेवारीच्या शेवटी एका सकाळी फांदीचं टोक अलगद चिमटीत धरून बघा. डोळा बारीक, चपटा, भाल्यासारखा लागला तर त्यात पानं आहेत. हरभऱ्याच्या घाट्यासारखा फुगीर, गोलसर आणि भरीव लागला तर आत गुच्छ आहे. किती फांद्यांवर असा डोळा आहे ते मोजून मला कळवा, मग तुरटी कधी सुरू करायची ते आपण ठरवू.